दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस

सदानंद राऊतसरांचा पीटीचा तास शाळेच्या वेळापत्रकात होता. वेळापत्रकाबाहेर तो फारसा कुणी पाहिला नव्हता.

मनवेलपाड्यातल्या त्या मराठी शाळेत आठवी 'ब'ला आठवड्यातून दोनदा हा तास असे, आणि दोन्ही वेळा गणिताचे जेम्स सर दारात येऊन उभे राहत. हातात डस्टर, चेहऱ्यावर सुतक. "राऊतसर, पोर्शन राहिलाय हो." राऊतसर स्वभावाने मऊ. ते "घ्या" म्हणत आणि मैदानावर जाऊन एकटेच उभे राहत. मैदान म्हणजे दोन बिल्डिंगांच्या मधली, बिल्डरच्या नजरेतून चुकून सुटलेली जागा. तिथे सरांना पाहून शेजारच्या चाळीतल्या बायकांची समजूत झाली होती की, शाळेने वॉचमन ठेवलाय.

गणपती विसर्जनानंतर मुख्याध्यापिका रोझलिन बाईंनी सरांना बोलावलं. बाई वसईच्या. बोलणं मऊ, पण शब्द फिरवायची सवय नाही.

"सर, संस्थेचं म्हणणं आहे, पीटीचा तास काढून गणिताला द्यावा. नाहीतरी त्या तासाला गणितच होतं."

"आणि मी?"

"तुम्हाला कार्यानुभव. क्रेप कागदाची फुलं."

 गास गावात राऊतसरांची पिढीजात वाडी. मोगरा, चाफा, केळी. राऊतांच्या घरातला माणूस कागदाची फुलं करायला शिकवतोय हे कळलं असतं, तर त्यांचे वडील फोटोतून खाली उतरले असते.

"दिवाळीनंतर पालकसभा आहे," बाई म्हणाल्या. "पालकांनी तास मागितला तर मी संस्थेशी भांडेन. पण मागायला त्यांनी हवा."

"पालक आणि पीटी मागणार?"

बाईंनी गळ्यातल्या क्रुसाला हात लावला. "माझा चमत्कारांवर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मात्र ते तितकंसं वाटत नव्हतं.

चमत्काराची सुरुवात जेम्स सरांच्या मेहुणीच्या लग्नाने झाली. सर रजेवर गेले आणि पीटीचा तास अचानक पीटीचा झाला. राऊतसर वर्गात शिरले तेव्हा मुलांनी सवयीने भूमितीची वही काढली.

सर उन्हाळ्यात एका शिबिराला जाऊन आले होते. तिथे त्यांना एक साधी चाचणी शिकवली होती. तीन मिनिटं एका पायरीवर चढायचं, उतरायचं, चढायचं, उतरायचं. मग खाली बसून मनगटावर बोटं ठेवायची आणि मिनिटभरात नाडी किती वेळा उडते ते मोजायचं. यंत्र नको, खर्च नको. शाळेच्या व्हरांड्याला पायरी होती आणि मुलांना नाडी होती. निदान बहुतेकांना.

"सर, माझी बंद आहे," जितेश म्हणाला. हा बारका पोरगा दोन्ही मनगटं चाचपून घामाघूम झाला होता.

"बंद असती तर तू बोलला नसतास."

"मग गेली कुठे?"

"शोध. तुझ्यातच आहे."

विघ्नेश तावडे तीन मिनिटांनंतर पायरीवर बसला तो पसरलाच. हा गुटगुटीत मुलगा. घरातून शाळेत रिक्षाने येई, शाळेतून घरी रिक्षाने जाई, आणि मधल्या सुट्टीत रिक्षा मिळत नाही म्हणून जागेवरच बसे. त्याची नाडी भरली एकशे अठ्ठेचाळीस. त्याच्याच बिल्डिंगमधली ऋतिका मात्र पायरीवरून उतरून वेणी बांधायला लागली. तिची भरली अठ्ठ्याऐंशी.

सरांनी सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले. आता याचा अर्थ सांगणार, इतक्यात घंटा झाली.

"अर्थ पुढच्या तासाला," सर म्हणाले. "आणि हीच चाचणी पुन्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर."

पुढच्या तासाला जेम्स सर लग्नातून ताजेतवाने होऊन आले होते. रजेत बुडालेला पोर्शन भरून काढायचा म्हणून त्यांनी तो तास घेतला, त्याच्या पुढचाही घेतला. अर्थ राऊतसरांच्या खिशातच राहिला.

आकडे मात्र मुलांबरोबर घरी गेले होते.

विघ्नेश राहत होता यशोदीप सोसायटीत. वडील गंगाराम तावडे, मूळचे कोकणातले, फोर्टात एका कचेरीत हेडक्लार्क आणि सोसायटीचे चेअरमन. घरी गेल्या गेल्या विघ्नेश आईला म्हणाला, "माझे सगळ्यात जास्त आले. एकशे अठ्ठेचाळीस."

विघ्नेशचे सगळ्यात जास्त काहीतरी येण्याची ही त्या घरातली पहिलीच वेळ. विनया वहिनींनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "कितीपैकी रे?"

विघ्नेशला माहीत नव्हतं. पण गंगारामपंतांना कचेरीत वीस वर्षं झाली होती. कागदावर नसलेलं वाचायची त्यांना सवय होती. "एकशे अठ्ठेचाळीस म्हणजे दीडशेपैकीच असणार," ते म्हणाले. "दहावीचं गणितसुद्धा दीडशेचंच असतं. बोर्डाची पद्धत आहे."

दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस! संध्याकाळी अख्ख्या यशोदीपमध्ये पेढे फिरले. चौथ्या मजल्यावर ऋतिकाच्या आईने, सुरुची वहिनींनी, हसत पेढा घेतला, दार लावलं आणि मुलीकडे वळल्या.

"तुझे किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"दीडशेपैकी अठ्ठ्याऐंशी? फर्स्ट क्लाससुद्धा नाही? अगं, पायरीच चढायची होती ना! टँकर आला की रोज चार मजले हंडा घेऊन चढतेस, आणि शाळेत दोन वितीची पायरी चढताना काय झालं?"

"मला काहीच झालं नाही," ऋतिका म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी राऊतसर सायकलने फाटक ओलांडून येत होते. नाक्यावर गंगारामपंतांनी त्यांना अडवलं आणि तोंडात पेढा कोंबला.

"सर, दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस! पोराचं भाग्य उजळलंत. आम्ही समजत होतो, हा कशातच नाही."

सरांना पेढ्यामुळे बोलता येईना. जेव्हा बोलता आलं, तेव्हा त्यांना सगळा घोटाळा कळला होता. सांगायला तोंड उघडलं, तर पंत पुढे म्हणाले, "मी तर पालकसभेत उभं राहून सांगणार आहे. पीटीचा तास काढणार असं कानावर आलंय. तो बंद-बिंद करायचा नाही. उलट वाढवा."

सरांनी तोंड मिटलं. पेढ्याचा अर्धा भाग अजून गालात होता, तो त्यांनी सावकाश गिळला.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सुशीलाबाई ओट्यावर बसून मोगरा ओवत होत्या.

"म्हणजे जो जास्त धापा टाकतो तो पहिला?"

"त्यांच्या समजुतीप्रमाणे."

"मग आपला मोती बोर्डात येईल." मोती म्हणजे त्यांचा म्हातारा कुत्रा, जो माडाखालून पडवीत येईपर्यंत दोनदा बसायचा. "अहो, सांगून टाका की."

"सांगेन ना. सभा होऊ दे. सभेत तास वाचला की लगेच सांगतो."

सुशीलाबाईंनी दोरा दातांनी तोडला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की सर उठून केळींना पाणी द्यायला गेले. केळींना सकाळीच पाणी दिलेलं होतं.

इकडे यशोदीपमध्ये अभ्यास सुरू झाला. पुढची चाचणी दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच, हे मुलांनी घरी सांगितलं होतं. आणि आपल्याकडे एकदा चाचणी म्हटली की तयारी आलीच. सुरुची वहिनींनी ऋतिकाला पहाटे उठवून गच्चीवर दोरीच्या उड्या मारायला लावल्या. ते पाहून दुसऱ्या मजल्याने आपल्या मुलाला जिना चढउतार करायला लावलं. तिसऱ्याने ते पाहिलं आणि दोन्ही लावलं. विनया वहिनी म्हणाल्या, "पहिला नंबर मिळवणं सोपं असतं, टिकवणं कठीण." विघ्नेशची रिक्षा बंद झाली.

"आई, पाय दुखतात."

"दुखू देत. दोनच मार्क राहिलेत."

सुट्टी लागली. दरवर्षी ही मुलं फराळाचे डबे आणि केबल टीव्ही यांच्या मधोमध अंग टाकत. या वर्षी ती जिन्यात होती. तळमजल्यावरच्या आजोबांनी तक्रार केली की, दिवसभर डोक्यावरून वरात जातेय. टँकर आला की पूर्वी हंडा कोणी उचलायचा यावरून घरोघर भांडणं होत. आता मुलं हंड्यासाठी भांडू लागली, कारण हंडा घेऊन चढलं की जास्त मार्क पडतात असं जितेशने कुठूनतरी शोधून काढलं होतं. एका रविवारी तर सगळा ताफा सायकली काढून राजोडीच्या किनाऱ्यावर गेला आणि ओल्या वाळूत पळापळी खेळून आला. विघ्नेश परत आला तो स्वतःच्या पायांनी तीन मजले चढला, तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि बातम्या सुरू व्हायच्या आत झोपला. विनया वहिनींनी दोनदा जाऊन त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

राऊतसर हे सगळं नाक्यावरून बघत होते. नोकरीला लागल्यापासून मुलांनी जे करावं म्हणून ते तळमळत होते, ते सगळं मुलं करत होती, आणि सगळं चुकीच्या कारणासाठी. एकदा त्यांना वाटलं, कारण चुकीचं असलं तर असू दे, पळणं तर बरोबर आहे. मग त्यांना अचानक आठवलं की, नाडी कारण विचारत नाही. मुलं रोज पळाली, तर आकडा वाढणार नाही. आकडा उतरणार.

त्या रात्री सरांना जेवण गेलं नाही.

शाळा उघडली. सभा शनिवारी होती. त्याआधी रोझलिन बाईंनी मुद्दाम राऊतसरांचा तास त्यांनाच मिळेल असं पाहिलं आणि जेम्स सरांना ऑफिसात बसवून हजेरीपटाच्या बेरजा दिल्या. वर्ग व्हरांड्यात आला. पायरी तीच होती. विघ्नेश तीन मिनिटं चढला-उतरला, खाली बसला, आणि या वेळी पसरला नाही. नाडी भरली एकशे सोळा. ऋतिकाची भरली ऐंशी. सगळ्या वर्गात एकाचाही आकडा वाढला नव्हता. जितेशला त्याची नाडी अजून सापडली नव्हती, म्हणून त्याचं नुकसान झालं नाही.



"सर," विघ्नेश रडवेल्या आवाजात म्हणाला, "मी एवढा पळालो, तरी बत्तीस मार्क गेले?"

सरांनी लगेच सगळं समजावून सांगितलं. कमी म्हणजे चांगलं, अगदी खूप चांगलं, शाब्बास. मुलांनी ऐकून घेतलं. पण आजवर नापास झालेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी असंच काहीतरी समजावलेलं असतं. मुलांनी सहानुभूतीने माना डोलावल्या आणि घरी जाऊन खरे आकडे सांगितले.

शनिवारी वर्गात पालक मावेनात. मागच्या बाकांवर बाप लोक गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. एरवी सभेला न येणारेही आले होते. रोझलिन बाईंनी प्रास्ताविक सुरू केलं, तोच गंगारामपंत उभे राहिले.

"बाई, आधी मुद्द्याचं बोलू. या सरांनी दीड महिन्यात आमच्या मुलांची वाट लावली. माझा मुलगा एकशे अठ्ठेचाळीसचा होता. आता एकशे सोळा! पहिला नंबर घेऊन मी शाळेत पाठवला, आणि शाळेने मला हे परत दिलं!"

"माझी अठ्ठ्याऐंशीची ऐंशी झाली," सुरुची वहिनी म्हणाल्या. "मुळात होतं काय, तर त्यातूनही काढून घेतलं."

"हा तास बंद करा!" मागून कोणीतरी ओरडलं. जेम्स सर दाराशी उभे होते. त्यांनी डस्टर या हातातून त्या हातात घेतलं.

राऊतसर उठले. कागदी फुलांचा एक गुच्छ त्यांच्या डोळ्यांपुढे तरळून गेला. "हे मार्क नाहीत हो," ते म्हणाले. "ही नाडी आहे. श्रमानंतर ती जितकी कमी, तितकं चांगलं."

"कमी तितकं चांगलं?" पंत हसले. सगळ्यांकडे पाहून हसले. "असं गणितात असतं का, जेम्स सर?"

"गणितात नसतं," जेम्स सर खेदाने म्हणाले.

आता बोलून काही होणार नव्हतं. राऊतसरांनी फळ्याखालच्या लाकडी प्लॅटफॉर्मकडे पाहिलं. तो व्हरांड्याच्या पायरीएवढाच होता.

"तावडेसाहेब, तुम्हीच द्या ना परीक्षा."

"मी?"

"बीपी, छातीचं दुखणं, असं काही?"

"मला काय धाड भरलीय?" पंतांनी चपला काढल्या. शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "दोडामार्गातला आहे मी. आमच्याकडे घरातून विहिरीवर जायचं तरी डोंगर चढावा लागतो."

"मग चला. त्रास वाटला तर लगेच थांबा. आणि सोबतीला ऋतिका चढेल."

ऋतिका पाण्याचे ग्लास मांडायला आली होती. तिने ग्लास खाली ठेवला आणि दोघं चढू लागले. पहिलं मिनिट पंत चढले ते मिरवणुकीत चढावं तसे. मधूनमधून सभेकडे हात करत होते. दुसऱ्या मिनिटाला हात खाली आले. तिसऱ्या मिनिटाला ते फक्त प्लॅटफॉर्मकडे पाहत होते, जसं माणूस जुन्या वैऱ्याकडे पाहतो.

"बसा!" सर म्हणाले. त्यांनी पंतांचं मनगट धरलं, ऋतिकाचं रोझलिन बाईंनी.  पंतांचा श्वास मागच्या बाकापर्यंत ऐकू येत होता.

"ऋतिका, ब्याऐंशी," बाई म्हणाल्या.

सरांनी घड्याळावरून नजर उचलली. "तावडेसाहेब, एकशे चौसष्ट."

टाळ्यांचा कडकडाट झाला. विनया वहिनींनी तर तोंडाला पदर लावला. पंत हसण्याचा प्रयत्न करत होते.

"थांबा," दारातून जेम्स सर म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. "दीडशेपैकी एकशे चौसष्ट? हे कसं शक्य आहे?"

टाळ्या विझल्या. दीडशेपैकी एकशे चौसष्ट मिळू शकत नाहीत, हे त्या वर्गात सगळ्यांनाच पटत होतं. इतकंच काय, पंतांनाही.

"तावडेसाहेब," रोझलिन बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचा तक्रारीचा मुद्दा अर्धवट राहिला. बोला ना."

पंतांनी तोंड उघडलं. आतून फक्त हवा आली. त्यांनी बोट वर केलं, म्हणजे एक मिनिट. मग तेच बोट पाण्याकडे वळवलं. ऋतिकाने पळत जाऊन ग्लास आणला, त्यांना दिला आणि म्हणाली, "काका, सावकाश प्या. मी तोवर फळा पुसू का?"

राऊतसर सभेकडे वळले. "आपल्याकडे टँकर येतो. एक बाई हंडाभर पाणी एका खेपेत वर नेते. दुसरी नेते तांब्या-तांब्याने. पिंप दोघींचंही भरतं. पण थकते कोण?"

"तांब्यावाली," बायका एका सुरात म्हणाल्या. हा विषय त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"काळीज तेच करतं. अंगाला रक्त पोचवायचं. तगडं असेल तर एका ठोक्यात भरपूर नेतं, कमी खेपांत काम होतं. कच्चं असेल तर धावपळ करतं. विघ्नेश सप्टेंबरात तांब्याने भरत होता. आता कळशीवर आलाय. त्याचे मार्क गेले नाहीत, त्याच्या फुकटच्या खेपा वाचल्या."

सुरुची वहिनी सावकाश उभ्या राहिल्या. त्यांना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि मग सगळ्या सभेला कळावं अशा आवाजात त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पोरीचं काळीज हंड्याने भरतं! आणि मी तिला फर्स्ट क्लास नाही म्हणून दीड महिना बोलतेय!"

"पण सर," पंतांचा आवाज परत आला होता, जरा पातळ होऊन, "मग माझा पेढा कसा खाल्लात?"

 "चूक झाली," सर म्हणाले. "तुम्ही आनंदात होतात, आणि मला माझा तास हवा होता."

"आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"पुढच्या तासाला सांगणार होतो. तो तास मला मिळालाच नाही."

कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. पण सगळ्या माना हळूहळू दाराकडे वळल्या. जेम्स सरांनी डस्टर पाठीमागे लपवलं.

तास राहिला. नुसता राहिला नाही, तर तो कोणी उसना मागायचा नाही असं पालकांनी हात वर करून ठरवलं. त्यात पंतांचा हात सर्वांत वर होता, तो एव्हाना त्यांना उचलता येत होता. सभा संपल्यावर विनया वहिनी राऊतसरांना कोपऱ्यात गाठून हळूच म्हणाल्या, "सर, एकशे सोळा झालं ते बरंच झालं म्हणायचं. पण आणखी मेहनत घेतली तर वार्षिक परीक्षेपर्यंत शून्यावर आणता येईल का हो?"

"वहिनी," सर म्हणाले, "शून्यावर आणू नका. शाळेला एक दिवस सुट्टी द्यावी लागेल."

सोमवारी घंटा झाली आणि आठवी 'ब' आपणहून व्हरांड्यात आली. मुलं रांगेत उभी राहतात न राहतात, तोच दारात जेम्स सर दिसले. हातात डस्टर. राऊतसर सवयीने 'घ्या' म्हणणारच होते.

जेम्स सरांनी डस्टर खिडकीत ठेवलं. "पोर्शन झालाय," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "म्हटलं, माझी पण बघा किती येते ती."

ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांची पाळी आली, तीन मिनिटं झाली, आणि ते पायरीवर बसले तेव्हा बोलण्याच्या स्थितीत नव्हते. राऊतसर मनगट धरायला वाकणार, तोच जितेशने मध्ये घुसून ते पकडलं. त्याने डोळे मिटले. बोटं इकडे सरकवली, तिकडे सरकवली. मग त्याचा चेहरा असा उजळला, जसा गणिताच्या तासाला कधीच उजळला नव्हता.

"सर!" तो ओरडला. "सापडली! माझी नाही, पण जेम्स सरांची सापडली! बापरे, केवढ्या खेपा घालतेय!"